पाण्यावरचा पहारा : वास्को, दाबोळी, बोगमाळो

शुक्रवार

दाबोळीला विमानातून उतरणाऱ्या बहुतेकांना ती धावपट्टी कुणाची, हे ठाऊक नसतं. ती नौदलाची आहे. आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ जून १९६४ पासून तिथे आहे आणि प्रवासी विमानं त्याच्याच धावपट्टीवर उतरतात. या तळावरच्या काही स्क्वाड्रन्सचं काम एकच : समुद्रावर तासन् तास उडायचं आणि पाण्याकडे बघत राहायचं. पाणबुडी, अनोळखी जहाज, संशयास्पद होडी, जे काही असेल ते आपल्या जहाजांना वेळेत कळवायचं. त्यांच्या युद्धाबद्दल मराठीत फार थोडं वाचायला मिळतं. १९७१ म्हटलं की 'विक्रांत' आठवते, कराचीवरच्या क्षेपणास्त्र बोटी आठवतात, 'खुकरी' आठवते. अलिझे हे विमान किती जणांना आठवतं? या खेपेस आम्ही गोव्यात गेलो ते त्या अलिझेसाठी.

कुडाळहून सकाळची कोकणकन्या धरली. लेक सोबत होती, तिला विमानांचं वेड. मडगावला कदंबाच्या स्टँडवर वास्कोची शटल उभीच होती. वेर्णा मागे पडलं, दाबोळी आलं, आणि बस विमानतळाच्या बाजूने जाताना लेक खिडकीशी चिकटली. तिला एकही लष्करी विमान दिसलं नाही. झाडी, भिंत आणि काटेरी तारा, एवढंच.

वास्कोला मावशी राहते. तिचे यजमान, आमचे काका, मूळचे वेंगुर्ल्याचे. १९७३ साली नौदलात भरती झाले, हवाई शाखेत मेकॅनिक झाले आणि त्यांची निम्मी नोकरी याच तळावर गेली. आधी अलिझेवर, पुढे इल्युशिनवर. जेवायला बसल्या बसल्या त्यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकली. "मी लढाय बघूक नाय. लढाय बघलेल्यांच्या हाताखाली शिकलंय." त्यांच्या तोंडून युद्धाची एकही बढाई कधी ऐकलेली नाही, आणि म्हणूनच ते जे सांगतात त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

संध्याकाळी ते आम्हाला हेडलँड सड्यावर घेऊन गेले. खाली मुरगाव बंदर, समोर झुआरीचं रुंद तोंड, पलीकडे दोना पावला आणि काबोचं टोक. या एवढ्याशा पाण्यात दोन युद्धांच्या खुणा आहेत.

पहिली दुसऱ्या महायुद्धातली. पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे गोवाही तटस्थ. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा काही जर्मन व्यापारी जहाजं मुरगावात आश्रयाला येऊन थांबली. त्यांतलं एक एरेनफेल्स. त्याच्यावरच्या बिनतारी यंत्रावरून हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांना मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात लढाऊ जहाज घुसवता येत नव्हतं. तेव्हा कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतली, युद्धाचं वय उलटलेली ब्रिटिश मंडळी निघाली. काही जण एका गाळ वाहणाऱ्या जहाजातून कलकत्त्याहून सारा किनारा वळसा घालून आले, बाकीचे आगगाडीने कोचीनला येऊन त्याच जहाजावर चढले. ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी एरेनफेल्सवर हल्ला चढवला. जहाज तिथेच बुडालं, आणि बंदरातली इतर जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली. समुद्रावर कोण कुठे आहे ही नुसती बातमी किती मोलाची असते, हे या एका प्रकरणावरून कळतं. एका बिनतारी यंत्रापायी एवढा खटाटोप.

दुसरी खूण डिसेंबर १९६१ ची. १८ डिसेंबरला याच तोंडापाशी आफोन्सो दे अल्बुकर्क ही पोर्तुगीज युद्धनौका आपल्या बेटवा आणि बियास या फ्रिगेट्सशी लढली, गोळे खाऊन दोना पावलाच्या बाजूला किनाऱ्याला लागली. त्याच सकाळी हवाई दलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंडांचे बॉम्ब टाकले. विमानतळाच्या इमारतीला धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीची जमेल तेवढी डागडुजी केली आणि उरलेली दोन प्रवासी विमानं तेवढ्याच तुकड्यावरून उडवून कराचीला नेली. वैमानिकांच्या कौशल्याला दाद द्यावीच लागते, मग ते कुठल्या का बाजूचे असेनात.

आणि तेव्हा 'विक्रांत' बाहेर समुद्रात गस्त घालत होती, जेमतेम नऊ महिन्यांची, तिच्यावर नवी कोरी अलिझे. आपल्या नौदलाच्या टेहळणी विमानांची पहिली मोहीम गोव्याच्याच पाण्यातली. एप्रिल १९६२ मध्ये दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या ताब्यात आला, आणि कोइंबतूरजवळच्या सुलूरला असलेला हंसा तळ दोन वर्षांनी इथे हलला.

शनिवार

नौदलाचं हवाई संग्रहालय दाबोळीहून बोगमाळोला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, १९९८ साली सुरू झालेलं. सोमवारी बंद असतं, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आम्ही सकाळीच पोचलो, कारण आवार उघडं आहे आणि दुपारी डोक्यावर ऊन येतं.

बाहेर विमानं ओळीने उभी आहेत. सीलँड, म्हणजे १९५३ साली नौदलाकडे आलेलं पहिलं विमान, पाण्यावरही उतरणारं. फायरफ्लाय, व्हँपायर, डव्ह. 'विक्रांत'वरचं सी हॉक आणि त्याच्या जागी आलेलं सी हॅरियर. सहलीची मुलं हॅरियरपाशी गर्दी करून फोटो काढत होती, आणि ते साहजिक आहे, हॅरियर दिसतंच तसं. अलिझेपाशी आम्ही तिघंच.

अलिझे देखणं नाही. नाक बोथट, पुढे चार पात्यांचा एक पंखा, त्यामागे रोल्स रॉइसचं डार्ट टर्बोप्रॉप इंजिन, आणि त्याच्यावर फुगीर काचेची केबिन. आत तीन माणसं : वैमानिक, निरीक्षक आणि रडारवरचा गडी. दोन्ही पंखांवर एकेक लांबट कोठी आहे. चाकं वर घेतली की त्या कोठ्यांत जातात आणि कोठीच्या पुढच्या भागात सोनोबॉय, म्हणजे पाण्याखालचा आवाज ऐकणारी तरंगती यंत्रं, ठेवलेले असत. पंख मधूनच दुमडता येतात, कारण 'विक्रांत'च्या पोटात जागा बेताचीच. शेपटीखाली हूक आहे. डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एक त्या हुकात अडकली तरच विमान थांबतं.

काका खाली वाकले आणि लेकीला विमानाच्या पोटाकडे बघायला सांगितलं. तिथे रडारचा घुमट आहे. आकाशात गेल्यावर तो खाली सोडायचा, उतरायच्या आधी आठवणीने वर घ्यायचा. "ह्याच त्याचे डोळे," काका म्हणाले. लेकीने विचारलं, "आजोबा, पाणबुडी तर पाण्याखाली असते, मग रडारला दिसणार कशी?"

उत्तर त्यांनी नीट वेळ घेऊन दिलं. त्या काळातली पाणबुडी डिझेल आणि बॅटरीवर चालणारी. बुडी मारली की बॅटरीवर चालते. बॅटरी संपत आली की इंजिनं लावावी लागतात आणि इंजिनाला हवा लागते. मग ती पाण्याच्या वरच्या थराजवळ येते आणि श्वास घ्यायची नळी तेवढी बाहेर काढते. रडारने शोधायची ती ही नळी. खवळलेल्या समुद्रात लाटांचे तुरे रडारवर ठिपके उमटवतात, मासेमारीच्या होड्या उमटवतात, आणि त्यांतला एखादा ठिपका ती नळी असू शकतो. ठिपका शंकास्पद वाटला की विमान तिकडे वळतं, सोनोबॉय पाण्यात टाकतं. ते तरंगत राहतात आणि पाण्याखालचा आवाज रेडिओवरून वर विमानात पाठवतात. कानाला पंख्याचा आवाज लागला तर मग डेप्थ चार्ज किंवा टॉर्पेडो. शंभरातल्या नव्याण्णव वेळा काही लागत नाही. शेत नांगरतात तसं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, शेजारच्या पट्ट्यातून परत यायचं. अलिझे एका दमात पाचेक तास असं करू शके.

"काय एक गावला नाय, म्हणजे काम फुकट गेला असा नाय," काका म्हणाले. "तिका कळता वर इमान हा. ती डोक्या वर काढणा नाय." पाणबुडीला खाली दाबून ठेवणं, हेच अर्धं युद्ध. वर विमान घिरट्या घालत असताना तिला नळी बाहेर काढता येत नाही, बॅटरी उतरत जाते, वेग धरता येत नाही, आपल्या जहाजाच्या वाटेवर वेळेत पोचता येत नाही. अशा गस्तीच्या नोंदीत 'काही आढळले नाही' एवढंच उरतं. बुडालेल्या जहाजाची बातमी होते, न बुडालेल्या जहाजाची कोण देणार? मला या स्क्वाड्रन्सच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, आणि तो इतिहास विसरला जाण्याचं कारणही हेच.

आता १९७१. अलिझे उडवणारी स्क्वाड्रन आयएनएएस (इंडियन नेव्हल एअर स्क्वाड्रन) ३१०, टोपणनाव कोब्रा. २१ मार्च १९६१ रोजी फ्रान्समध्ये ईएर इथे ती उभी राहिली. युद्धाच्या वेळी तिची विमानं दोन समुद्रांत वाटली गेली. काही 'विक्रांत'वर बंगालच्या उपसागरात, काही पश्चिम किनाऱ्यावरच्या तळांवरून अरबी समुद्रात.

'विक्रांत'च्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते. एरवी चोवीस नॉटच्या वर पळणारी ही नौका सोळाच्या आसपास अडली. विमानवाहू नौकेचा वेग हा नुसता पळण्यासाठी नसतो. विमान डेकवरून सुटताना समोरून जोराचा वारा लागतो आणि तो वारा निम्मा निसर्गाचा, निम्मा जहाजाच्या वेगाचा. वारा पडलेला असेल आणि जहाजही हळू असेल तर जड विमान उडवणं फार अवघड होऊन बसतं. शिवाय पाणबुडीपासून निसटायलाही वेग लागतोच. पाकिस्तानने 'विक्रांत'च्याच शिकारीसाठी गाझी ही पाणबुडी उपसागरात पाठवली होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ती विशाखापट्टणमजवळ बुडाली. तोवर 'विक्रांत' अंदमानच्या बाजूला होती.

४ डिसेंबरपासून हल्ले सुरू झाले. कॉक्स बझार, चितगाव, पुढे खुलना, मोंगला. दिवसाचं काम मुख्यतः सी हॉकचं, रात्रीचं अलिझेचं. म्हणजे पाणबुड्या शोधण्यासाठी बांधलेलं, पंख्यावर चालणारं हे संथ विमान काळोखात बंदरांवर बॉम्ब टाकायला जात होतं आणि काळोखातच परत येऊन हलत्या डेकवरची तार पकडत होतं. रात्री जहाजावर उतरणं म्हणजे काय, याची कल्पना जमिनीवर उभं राहून करता येणं कठीण. संग्रहालयात 'विक्रांत'च्या डेकची प्रतिकृती आहे. तिच्यासमोर उभं राहून मी बराच वेळ तेवढ्याशा पट्ट्याकडे बघत होते.

पूर्वेचा समुद्र बंद झाला. ढाक्यातल्या पाकिस्तानी सैन्याला समुद्रामार्गे ना कुमक आली, ना सुटका. 'विक्रांत'चे कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉक स्क्वाड्रनचे प्रमुख संतोष कुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं.

पश्चिमेला मात्र वेगळं घडलं. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' ही आपली युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. हँगोर ही फ्रेंच बनावटीची डॅफ्ने जातीची पाणबुडी. तिला शोधायला निघालेली अलिझेसुद्धा फ्रेंचच.

दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, त्या शोधाच्या दिवसांत एक अलिझे अरबी समुद्रावर गस्तीवर होतं आणि पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-१०४ स्टारफायटरने त्याला गाठलं. स्टारफायटरचा वेग आवाजाच्या दुप्पट. अलिझेचा जोर लावून ताशी पाचशे किलोमीटर. पळायला वाव नव्हता, उलट मारा करायला हवेतल्या लढाईचं शस्त्र नव्हतं. आत तिघं होते, लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन सहकारी. विमान परत आलं नाही.

हे सांगताना काका थांबले नाहीत, आवाजही बदलला नाही. पण पुढचं वाक्य त्यांनी लेकीकडे वळून म्हटलं : "त्येंका वरसून संरक्षण देवक त्या दिवशी कोण नव्हता. ह्या लक्षात ठेव." टेहळणी विमानाला एकट्याने लांब जावं लागतं. लढाऊ विमानं सोबत द्यायची तर ती तेवढा वेळ टिकत नाहीत. किनाऱ्यापासून लांब, शत्रूच्या विमानतळांच्या टापूत, हळू उडणारं निःशस्त्रप्राय विमान. हा धोका गस्तीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो, आणि तरी दुसऱ्या सकाळी पुढची तुकडी निघते.

अशोक रॉय यांचं नाव पुढे १९७१ च्या बेपत्ता चोपन्न जणांच्या यादीत आलं. हे लोक पाकिस्तानच्या तुरुंगांत असावेत अशी नातेवाइकांची आशा होती. पाकिस्तानने असा कुणी आपल्याकडे नसल्याचंच सांगितलं. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये नातेवाईक स्वतः तिकडच्या तुरुंगांपर्यंत जाऊन आले. हाती काही लागलं नाही. छत्तीस वर्षांनी माणूस तुरुंगाच्या दारात जाऊन उभा राहतो, ते काय बळावर राहत असेल? मला तर ते वाचूनच दम लागतो.

दुपारी झाडाखाली डबा खाल्ला आणि मग सुपर कॉन्स्टेलेशनकडे वळलो. आवारातलं सर्वांत मोठं विमान हेच. चार इंजिनं, माशासारखं मधे फुगलेलं अंग आणि मागे तीन शेपट्या. मूळचं एअर इंडियाचं प्रवासी विमान, तिथून हवाई दलाकडे गेलेलं. १९७१ मध्ये लांब पल्ल्याच्या सागरी टेहळणीची जबाबदारी नौदलाची नव्हतीच, ती हवाई दलाची होती आणि ती पार पाडायला हवाई दलाच्या सहाव्या स्क्वाड्रनकडे ही जुनी प्रवासी विमानं होती. त्या माणसांनी मन लावून काम केलं असणारच. पण पाणबुडी शोधायची साधनंच अपुरी, आणि जहाजं एका दलाची, वरचे डोळे दुसऱ्या दलाचे. 'खुकरी' बुडाल्यावर सुरू झालेल्या शोधातून हँगोर निसटून कराचीला पोचली. पुढची काही वर्षं दोन्ही दलांत या जबाबदारीवरून वाद झाला आणि १९७६ मध्ये ती नौदलाकडे आली. नोव्हेंबर १९७६ मध्ये सुपर कॉन्स्टेलेशन्स घेऊन आयएनएएस ३१२ इथेच दाबोळीला उभी राहिली. आता आवारात उभं असलेलं विमान त्या बदलाचा साक्षीदार आहे.

आतली दालनं आम्ही भराभर पाहिली. शस्त्रं, इंजिनं, गणवेश, जुने फोटो. पाय बोलायला लागले होते.

रविवार

मावशीने सकाळी घावणे आणि रस घातला, मग आम्ही बोगमाळोला गेलो. किनारा लहान, दोन टेकड्यांच्या मधे. हंसा तळ इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे काकांनी आधीच बजावलं होतं.

वाळूत बसून त्यांनी इल्युशिनचं सांगितलं. नौदलाला स्वतःची, खास पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेली, लांब पल्ल्याची विमानं पहिल्यांदा मिळाली ती ही. १ ऑक्टोबर १९७७ रोजी दाबोळीला आयएनएएस ३१५ स्थापन झाली, टोपणनाव विंग्ड स्टॅलियन्स. सोव्हिएत संघातून आलेली इल्युशिन ३८ विमानं, चार टर्बोप्रॉप इंजिनांची. शेपटीमागे लांब सोट्यासारखा दांडा, त्यात चुंबकीय क्षेत्रातला फरक टिपणारं यंत्र. पाण्याखालचं लोखंडाचं धूड पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं, ती हे यंत्र पकडतं. त्यासाठी विमानाला खूप खाली, पाण्याच्या अगदी जवळून उडावं लागतं.

आणि तिथेच मेकॅनिकचं काम वाढतं. "उतारला काय गोड्या पाण्यान धुवक व्हया," काका म्हणाले. "मीठ कोणाक सोडणा नाय." पाण्यालगत तासन् तास उडालेल्या विमानाच्या प्रत्येक सांध्यात खारं दव बसतं. ते धुवायचं, पुसायचं, तेल घालायचं, गंजाचा ठिपका दिसला की खरवडून रंग लावायचा. पावसाळ्यात दाबोळीला हे काम संपतच नसे. त्यांनी हाताची बोटं पुढे केली. नखांच्या कडा अजूनही चिरलेल्या आहेत. युद्धाच्या इतिहासात वैमानिक येतात, क्वचित निरीक्षक येतात. हँगरमध्ये रात्री बॅटरीच्या उजेडात गंज शोधणारे कुठेच येत नाहीत. म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

एक गोष्ट मला नवी होती. सुपर कॉन्स्टेलेशन हे प्रवासी विमान. इल्युशिन ३८ हे इल्युशिन १८ या प्रवासी विमानावरून केलेलं. आणि आज जी पी-८आय विमानं ही गस्त घालतात, ती बोइंग ७३७ च्या घाटाची, ज्यातून आपण मुंबई-दिल्ली करतो. कारण उघड आहे : लांब जायचं, खूप वेळ राहायचं, आत बरीच माणसं आणि यंत्रं मावायला हवीत.

३१५ च्या कामातलं बाहेर आलेलं एक प्रकरण म्हणजे मालदीव. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी भाडोत्री सशस्त्र टोळीने मालेवर हल्ला केला. आपली फौज उतरल्यावर टोळीतले लोक प्रोग्रेस लाइट नावाचं जहाज बळकावून, ओलीस घेऊन समुद्रात पळाले. त्या जहाजाला शोधून त्याच्यावर नजर ठेवण्याचं काम नौदलाच्या टेहळणी विमानांनी केलं आणि मग गोदावरी व बेटवा या नौकांनी त्याला गाठलं. त्या वर्षी टुपोलेव्ह १४२ ही अजस्र विमानंही दाबोळीलाच आली होती, ३१२ स्क्वाड्रनसाठी. १९९२ मध्ये ती तमिळनाडूत अरक्कोणमला गेली. त्यांतलं एक आता विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभं आहे. त्यामानाने अलिझेचा निरोप साधाच झाला. १९९१ मध्ये ती सेवेतून गेली आणि ३१० स्क्वाड्रनकडे डॉर्नियर ही लहान टेहळणी विमानं आली. कारगिलच्या वेळी १९९९ मध्ये नौदलाने अरबी समुद्रात जो दबाव ठेवला, त्यात इल्युशिन आणि डॉर्नियरच्या गस्ती होत्या. तेव्हाही गोळी सुटली नाही, म्हणून तीही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

परत येताना काका दाबोळीच्या रस्त्यावर एके ठिकाणी गाडी हळू करून म्हणाले, इथे जवळच. १ ऑक्टोबर २००२. ३१५ स्क्वाड्रनला पंचवीस वर्षं झाली, त्याच्या सोहळ्यात जवळजवळ उडणाऱ्या दोन इल्युशिन्सची हवेत टक्कर झाली. दोन्ही विमानं वस्तीलगत कोसळली. दोन्हींतले मिळून बारा नौसैनिक आणि अधिकारी गेले, जमिनीवरची माणसंही गेली. काका तेव्हा निवृत्त झाले होते. ती विमानं त्यांच्या हाताखालून गेलेली. मावशी म्हणते, त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत आणि पुढे कितीतरी दिवस त्या रस्त्याने गेले नाहीत.

स्क्वाड्रन मोडली नाही. उरलेली विमानं रशियात पाठवून नव्या यंत्रणेने सजवून आणली, बदली विमानंही आली, आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटची इल्युशिन हंसा तळावर निवृत्त झाली. सेहेचाळीस वर्षं.

सोमवार

परतीची गाडी दुपारची. कामाचा दिवस, त्यामुळे सकाळी धावपट्टी नौदलाची. काकांच्या गच्चीवरून विमानांचा उतरायचा मार्ग दिसतो. चहा घेऊन आम्ही वर गेलो.

आधी डॉर्नियर आली. दोन इंजिनांची, बारकी. बऱ्याच वेळाने पी-८आय. लेकीने लांबूनच ओळखली. राखाडी रंग आणि पंखांची टोकं मागे झुकलेली. २९ मार्च २०२२ रोजी हंसा तळावर या विमानांची दुसरी स्क्वाड्रन उभी राहिली, आयएनएएस ३१६, काँडर्स. पहिली अरक्कोणमची ३१२, म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशनपासून चालत आलेलीच.

ही विमानं काय करतात ते मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी वाचलं. सोमाली चाच्यांनी रुएन नावाचं मालवाहू जहाज पळवून त्याचा तळ केला होता. आयएनएस कोलकाता त्याच्या मागावर, वर पी-८आयची नजर, आणि हवाई दलाच्या सी-१७ या मालवाहू विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले. पस्तीस चाचे शरण आले, सतरा खलाशी सुटले, एकही जण दगावला नाही. एक दल जहाज चालवतंय, दुसरं कमांडो पोचवतंय आणि दोघांच्या वर नौदलाचे स्वतःचे डोळे आहेत, ही घडी १९७१ मध्ये असती तर, असं वाटल्यावाचून राहत नाही.

मी काकांना विचारलं, अलिझेचं दार आतून कसं उघडायचं ते आठवतं का? त्यांनी हात हवेत फिरवून दाखवलं. लेकीने ते वहीत काढून घेतलं, बाणासकट. तिला बारावीनंतर नौदलाच्या परीक्षेला बसायचं आहे. मुलींना निरीक्षक म्हणून या विमानांत घेतात, २०२० पासून डॉर्नियरवर महिला वैमानिकही आहेत, ही माहिती तिने आधीच काढून ठेवली होती. काकांनी तिला एकच विचारलं, "गणित कसा हा तुझा?" बरं आहे, म्हणाली. "बरा पुरणा नाय," ते म्हणाले, आणि मावशीने डबा हातात देईपर्यंत त्यांनी तिला दिशा, वेग आणि वाऱ्याचं एक उदाहरण घातलं : विमान उत्तरेला निघालंय, वारा पश्चिमेकडून वीस नॉट, दोन तासांनी ते कुठे असेल. मडगावच्या शटलमध्ये ती तेच सोडवत होती.